फ्योर्डच्या चिखलाचा सातबारा: कितपत विश्वास ठेवायचा?

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

मंडळी, मागच्या महिन्यात लेकाकडे नॉर्वेत बर्गनला जाऊन आले. फोटोंचा धागा सवडीने काढेन, इथे फक्त एक शंका विचारायची आहे.

एका दुपारी पाऊस थांबेना (तिथे तो थांबतच नाही), म्हणून लेक विद्यापीठात घेऊन गेला. भूशास्त्रवाल्यांनी बाहेरच्यांसाठी प्रदर्शन मांडलं होतं. टेबलावर उभी चिरलेली प्लास्टिकची नळी, माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब, आणि आत चिखल. मला आधी वाटलं ड्रेनेजचं काम काढलंय. एका टोकाचा चिखल शेवाळी, मऊ, शिंपल्यांचे कपचे असलेला. दुसऱ्या टोकाचा राखाडी आणि गणपतीच्या शाडूसारखा घट्ट. त्या गुळगुळीत शाडूत मधेच वाटाण्याएवढा एक खडा. तांदळात दाताखाली यावा तसा डोळ्यात आला.

तिथल्या मुलीने सांगितलं की हा फ्योर्डच्या तळाचा गाळ आहे. रंग बदलतो तिथे ११,७०० वर्षांपूर्वी थंडीचा शेवटचा तडाखा संपला. आणि तो खडा हिमनगातून पडलेला आहे. बर्फाचा तुकडा तरंगत चालला होता, वितळता वितळता पोटातला खडा सुटला, खाली जाऊन चिखलात रुतला. तेव्हापासून तो तिथेच होता. अंगावर काटा आला, खरं सांगते.

घरी आल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. चिखलावर तारीख कोण लिहितं? ११,७०० कुठून आले, १२,००० का नाही? आमच्या माळ्यावरचा पसारा आवरताना मागच्या दिवाळीचं काय आणि त्याआधीचं काय हेसुद्धा मला सांगता येत नाही. जाणकारांनी लिहा. फोटो जोडलाय. त्यातला अंगठा माझा आहे, मापासाठी.

चहाटळ

पहिला! रुमाल टाकून ठेवतो.

मापासाठी नाणं ठेवतात हो मावशी. अंगठे काय, आमच्या काकूचा आणि माझा यात दोन खड्यांचा फरक आहे.

ढोबळमानाने

शाळेत "फियॉर्ड किनारा, उदाहरणार्थ नॉर्वे" एवढं पाठ केलं होतं, दोन मार्क मिळाले, विषय संपला. नक्की काय असतं ते? आमच्या जयगडच्या खाडीसारखंच ना, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे पाणी?

बर्गनची_सर

मुक्कामपोस्ट ताई, तुम्ही ज्या इमारतीत गेलात तिथेच मी चार वर्षं चिखल उपसला. त्या दिवशी मी नव्हते, नाहीतर चहा पाजला असता. जरा पसरट लिहिते.

ढोबळमानाने, जयगड नाही. खाडी नदीने कोरलेली असते आणि मग तिच्यात समुद्र शिरलेला असतो. फ्योर्ड हिमनदीने खरवडलेला असतो. हिमनदी समुद्रसपाटीच्या कितीतरी खालपर्यंत तळ उकरते, आणि तोंडाशी येते तेव्हा तिचा जोर ओसरतो. म्हणून आत प्रचंड खोल आणि तोंडाशी उथळ असा उलटाच प्रकार होतो. सोग्नेफ्योर्ड आत १,३०० मीटरच्या वर खोल आहे आणि बाहेर समुद्राला मिळतो तिथे जेमतेम शे-दोनशे मीटर. त्या उथळ भागाला मी मराठीत उंबराच म्हणते. आत आलेला गाळ सहजासहजी उंबरा ओलांडत नाही.

चिखलवाल्यांना फ्योर्ड आवडतो तो या उंबऱ्यामुळे. उघड्या महासागराच्या तळाशी हजार वर्षांत काही सेंटिमीटर गाळ बसतो. तिथे शिवाजी महाराज आणि आपण एकाच सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये. फ्योर्डमध्ये वर्षाला मिलिमीटर ते सेंटिमीटर, आणि हिमनदीच्या तोंडापाशी त्याच्याही अनेक पट. शिवाय एकाच तळात दोन्हीकडचा माल येतो: डोंगरावरून पानं, परागकण, माती, आणि समुद्रातून शंखशिंपले, शेवाळ. जमीन आणि समुद्र, दोघांची नोंद एकाच वहीत.

तारखेचं उद्या लिहिते, पोरगी झोपेना झालीय.

नुसतीवाचक

उंबरा! किती नेमका शब्द. वाचतेय.

अप्पा_खवचट

शीर्षकात सातबारा आहे म्हणून आलो. ३२ वर्षं महसुलात काढली. सातबाऱ्यावरची पीकपाहणी चावडीत बसून लिहिलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. शेतात ऊस, कागदावर ज्वारी. माणसाने लिहिलेल्या दप्तराची ही कथा, तर चिखलाने लिहिलेल्याचं काय सांगता? ११,७०० म्हणे. जणू काही साक्षीला उभे होते.

चहाटळ

अप्पा आले. धाग्याचं सोनं झालं.

वास्कोकार

अप्पा, चिखल लाच घेत नाही, एवढं तरी माना :)

मी शास्त्रज्ञ नव्हे. वास्कोला हेडलँड सड्यावर आपलं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे उपकरणांच्या बाजूला होतो, आता निवृत्त. त्या निमित्ताने एक उन्हाळा स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर, काढला. नी-ऑलेसुंड म्हणून गाव आहे, ७९ अंशाला टेकलेलं. २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र तिथेच आहे. समोर कोंग्सफ्योर्ड. त्यात २०१४ साली आपल्या लोकांनी 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ १९२ मीटर खोलीवर सोडली. पाण्याचं तापमान, क्षार वगैरे ती मोजत बसते.

गाव भलतंच. वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवायचं, कारण शेजारच्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो. गावाबाहेर बंदुकीशिवाय जायचं नाही, अस्वल येतं. पण आमची खरी तारांबळ उडवली टर्न पक्ष्यांनी. अंडी घातलेली असली की सरळ टाळूवर चोच मारतात. काठी डोक्यावर उंच धरून चालायचं, म्हणजे पक्षी सगळ्यात वरच्या गोष्टीला टोचतो. माझी काठी टोचून टोचून खरबरीत झाली होती.

आणि मुद्दा: त्या फ्योर्डच्या टोकाला क्रोनेब्रीन हिमनदी समुद्रात तुटते. तिच्या तोंडापाशी पाणी निळं नाही, कोकणात पहिल्या पावसात ओढा येतो ना, तस्सं लाल. मागे लाल वालुकाश्माचे डोंगर आहेत, हिमनदी तेच दळून आणते. तळाचा गाळही लालसर. आमच्या बोटीवरचा मालवणी पोरगा म्हणाला, "च्यायला, एवढ्या लांब आलो आणि परत तांबडी माती."

सुलूची_आई

:D :D वास्कोकार, यावर वेगळा लेख हवाच.

बर्गनची_सर

आले. ताईंचा मूळ प्रश्न, तारीख कोण लिहितं.

एक जण लिहीत नाही, चार-पाच जण लिहितात आणि आम्ही ते जुळवतो.

वरच्या शे-सव्वाशे वर्षांसाठी शिसं. हवेतल्या रेडॉनपासून शिसे-२१० तयार होतं, पाण्यात पडतं, गाळाबरोबर बसतं. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं. वरून खाली किती कमी होत गेलं यावरून गाळ कोणत्या वेगाने साचला ते काढता येतं.

मग सीझियम-१३७. हे निसर्गात नव्हतंच, अणुबाँबच्या चाचण्यांनी आणलं. १९६३ च्या आसपास त्याचा कळस दिसतो. नॉर्वे-स्वीडनमध्ये त्याच्या वर दुसरं टोक १९८६ चं, चेर्नोबिल. त्या एप्रिल-मेमध्ये जो पाऊस पडला त्याची खूण तळाला आहे. शिशाचा हिशोब बरोबर आलाय की नाही हे या दोन खिळ्यांवर तपासायचं.

त्याखाली कार्बन-१४, हाही शिशासारखा ठराविक वेगाने घटत जातो. शिंपला किंवा समुद्री कवच घ्यायचं. यात गोम अशी की समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच शिळा असतो. अणुचाचण्यांच्या आधीच्या काळात ताजा मेलेला शिंपला तपासला तरी साधारण ४०० वर्षांचा म्हातारा निघतो. तेवढं वजा करावं लागतं, आणि ती वजाबाकी सगळीकडे, सगळ्या काळात सारखी नसते. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या वजाबाकीत गेलंय.

शेवटी राख. आइसलँडचा काटला ज्वालामुखी सुमारे १२,१०० वर्षांपूर्वी फुटला. त्याची राख नॉर्वेभर पडली आणि ओलेसुंडजवळच्या वेड्डे गावाच्या नावाने ओळखली जाते. हीच राख ग्रीनलंडच्या बर्फातही सापडते, आणि तिथे वर्षागणिक थर मोजता येतात. म्हणजे नॉर्वेच्या चिखलात ती राख दिसली की ग्रीनलंडच्या बर्फातलं वय इकडे आणता येतं. ताईंच्या नळीतला रंगबदल बहुधा असाच वरून-खालून आवळून बसवला असणार.

ढोबळमानाने

म्हणजे लग्न जमवताना चार नातेवाईकांकडून चौकशी करतात तसं. एकाचं ऐकायचं नाही.

बर्गनची_सर

आणि चौघांचं जुळलं नाही तर प्रबंध दोन वर्षं लांबतो. हो.

व्हिक्टोरियाचा_बंड्या

इथे कॅनडात घरापासून अर्ध्या तासावर सानिच इनलेट आहे. व्हँकुव्हर बेटावरचा फ्योर्डच, नाव फक्त वेगळं. त्याचाही उंबरा उथळ, ७०-७५ मीटर. आतलं तळाचं पाणी इतकं कोंडतं की वर्षातला बराच काळ त्यात प्राणवायू नसतो. म्हणून तळाशी किडे नाहीत, आणि किडे नाहीत म्हणून कोणी चिखल उकरत नाही. बर्गनची_सर, हा मुद्दा राहिला तुमचा!

त्यामुळे थर जसेच्या तसे. वसंत-उन्हाळ्यात डायटम शेवाळ फुलतं, त्यांच्या काचेरी कवचांचा फिकट पट्टा बसतो. हिवाळ्याच्या पावसात जमिनीवरची माती येते, तिचा गडद पट्टा. एक फिकट, एक गडद, झालं एक वर्ष. सरळ मोजत जायचं. १९९६ मध्ये जोइडिस रेझोल्यूशन हे खोदकामाचं जहाज येऊन शंभर मीटरहून खोल गाळ काढून गेलं. त्यात ओरेगॉनच्या माझामा ज्वालामुखीची ७,६०० वर्षांपूर्वीची राखही आहे. माशांचे खवलेसुद्धा मिळतात, कुठल्या काळात कुठला मासा जास्त होता ते काढतात.

अप्पा_खवचट

हां, ही पीकपाहणी झाली. फिकट पट्टा खरीप, गडद रब्बी. हे मला पटतं, कारण यात मोजणी आहे.

पण तुमची ती किडे असलेली जागा? तिथे तर सगळा नांगर फिरला असणार. मग दप्तर कुठलं?

बर्गनची_सर

बंड्या, बरोबर पकडलंत, माझा तो मुद्दा राहिलाच. आणि अप्पा, प्रश्न अगदी नेमका आहे. जिथे किडे आहेत तिथे वरचे काही सेंटिमीटर कालवले जातात. मग वर्ष दिसत नाही, दहा-वीस-पन्नास वर्षांची सरासरी दिसते. तेवढंच बोलायचं, त्याहून बारीक बोलायचं नाही. जो बोलतो त्याचा लेख परत येतो.

नुसतीवाचक

तारीख कळली. पण तेव्हा थंडी होती की ऊब, हे चिखल कसं सांगतो?

बर्गनची_सर

हा माझा आवडता भाग. चिखल चाळणीवर धुवायचा, ६३ मायक्रॉनच्या. पीठ वाहून जातं, रवा उरतो. तो रवा वाळवून काळ्या तबकडीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. फोरामिनिफेरा म्हणतात त्यांना, एकपेशीय जीव, घर मात्र चुन्याचं आणि फार देखणं. एका नमुन्यातून तीनशेच्या आसपास उचलायची. आमच्या आजीने अंगणात बसून तांदूळ निवडले, मी अंधाऱ्या खोलीत बसून हे निवडले. पाठ दोघींची सारखीच दुखली.

कोणाला गार पाणी सोसतं, कोणाला कोमट. कॅसिड्युलिना रेनिफॉर्म नावाची जात भरभरून निघाली की समजायचं, हिमनदी जवळ होती आणि पाणी गारठलेलं. शिवाय त्या चुन्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजून तापमानाचा अंदाज काढतात. पण फ्योर्डमध्ये वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी मिसळतं आणि तेही त्याच आकड्यात डोकावतं. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबत नाही.

समुद्र गोठत होता का, हे सांगणारा एक रेणूही आहे. समुद्रबर्फाच्या पोटाला चिकटून वाढणारी काही डायटम तो बनवतात, पंचवीस कार्बनचा. तो गाळात सापडला की तिथे बर्फ होता.

वास्कोकार

नळी कशी मारतात ते मी सांगतो, ते माझं खातं. लोखंडी पाइप, वर शिशाचं वजन, आत प्लास्टिकची नळी, टोकाला पाकळ्या. खाली जाताना पाकळ्या उघडतात, वर ओढताना मिटतात, म्हणजे चिखल गळत नाही. तळाजवळ आली की सोडायची, वजनाने घुसते.

एकदा वर आली ती रिकामी. पाकळ्या वाकड्या, पाइपची धार दुमडलेली. खाली हिमनगाने टाकलेला धोंडा होता, नेमका त्याच्यावर बसली. दोन तास गेले. मावशींचा खडा वाटाण्याएवढा म्हणून गोड, आमचा नारळाएवढा असावा.

आणखी एक. जड नळी आपटली की सगळ्यात वरचा पातळ गाळ उडून जातो. म्हणजे नेमकं आपल्या आयुष्यातलं पान फाटतं. म्हणून वरच्या थरासाठी वेगळं उपकरण असतं, ते हळू बसतं.

मस्कतमामा

थोडं अवांतर. इकडे ओमानमध्ये मुसंदमला 'अरबस्तानचं नॉर्वे' म्हणून सहली नेतात. मराठी मंडळाची दर हिवाळ्यात एक तरी फेरी असते, खसबहून लाकडी बोट, डॉल्फिन, बिर्याणी. तिथेही फ्योर्ड म्हणतात. ते पण हिमनदीचेच का?

बर्गनची_सर

नाही मामा. मुसंदमचे ते खोर म्हणजे पाण्यात बुडालेल्या दऱ्या. अरबी भूपट्टा युरेशियाखाली दबतोय, त्यात ते टोक खाली चाललंय. नाव पर्यटनवाल्यांचं. बिर्याणी मात्र नॉर्वेपेक्षा तिकडची चांगली असणार.

खडकवासी

शब्दावरून आठवलं. मराठीत 'हिमखाडी' म्हणावं का? फियॉर्ड, फ्योर्ड, फिओर्ड, दर पुस्तकात वेगळं.

बर्गनची_सर

नॉर्वेजियन माणूस म्हणतो 'फ्यूर', ड खाऊन टाकतो. आपण काहीही लिहिलं तरी चुकणारच, म्हणून मी फ्योर्डवर थांबले.

चहाटळ

हिमखाडी म्हटलं की कोकणातला माणूस विचारणार, तिसऱ्या मिळतात का?

अप्पा_खवचट

शब्दांचा खल पुरे. मी थोडं वाचून आलोय. स्वीडनच्या गुलमार फ्योर्डमधल्या गाळाचा अडीच हजार वर्षांचा अभ्यास २०१८ ला आला. त्यात रोमन काळातली ऊब आहे, मध्ययुगातली आहे, आणि विसाव्या शतकातली त्यांच्याच तोडीची आहे, वरचढ नाही. म्हणजे तुमचाच चिखल सांगतोय की हे पूर्वीही झालंय. मग आरडाओरडा कशाला?

व्हिक्टोरियाचा_बंड्या

आला, येणार होताच हा मुद्दा. पॉपकॉर्न.

बर्गनची_सर

अप्पा, अभ्यास खरा आहे आणि तुम्ही तो बरोबर वाचलाय. मी लपवणार नाही. आता तो कशाचा आहे ते बघा. गुलमारच्या उंबऱ्यावर पाणी चाळीसेक मीटर, आत सव्वाशेच्या आसपास. तळाचं पाणी बदलतं ते मुख्यतः हिवाळ्यात आणि त्यानंतर लगेच. म्हणून तिथलं कवच हिवाळ्याचं तापमान नोंदवतं, तेही एका फ्योर्डचं. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हिवाळा अटलांटिकवरून वारे कसे वाहतात यावर फार हलतो.

तुम्ही महसुलातले, तुम्हाला वेगळं काय सांगू. एका गावच्या सातबाऱ्यावरून जिल्ह्याची पैसेवारी लावाल का? २०१९ मध्ये जगभरच्या नोंदी, झाडांची वलयं, प्रवाळ, बर्फ, गाळ, एकत्र ठेवून पाहिल्या. तेव्हा दिसलं की मध्ययुगातली ऊब वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या शतकांत होती. गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वात उष्ण काळ ९८ टक्क्यांहून जास्त पृथ्वीवर विसाव्या शतकातच येतो. सगळ्या गावांत एकाच वर्षी दुष्काळ, ही नवी गोष्ट आहे.

तुमच्या बाजूचं आणखी एक मीच देते. ग्रीनलंडच्या सर्मिलिक फ्योर्डमध्ये हेल्हाइम हिमनदी तुटते. तिथल्या गाळात हिमनगांनी टाकलेली वाळू मोजून गेल्या १२० वर्षांत हिमनदी कधी जास्त तुटली ते काढलंय, २०१२ चा अभ्यास. दोन कळस निघाले: १९३० चं दशक आणि २००० नंतरचं. दोन्ही वेळा अटलांटिकचं कोमट पाणी आणि गरम उन्हाळे. म्हणजे हिमनदी काही वर्षांतच प्रतिसाद देते. मला तरी हे वाचून हायसं वाटलं नाही.

अप्पा_खवचट

पैसेवारीचा दाखला देऊन तुम्ही मला माझ्याच कचेरीत गाठलंत. एका गावावरून लावत नाहीत, मान्य. बाकी विचार करतो.

सुलूची_आई

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. अप्पांनी 'मान्य' लिहिलं.

खडकवासी

दप्तराची पानं फाटण्याबद्दल. फ्योर्डचे कडे उभे असतात, ते कोसळतात. नॉर्वेत ताफ्योर्डला ७ एप्रिल १९३४ च्या रात्री कडा पाण्यात पडला, लाटेने ४० माणसं नेली. असं झालं की तळाचा गाळ ढवळून एका झटक्यात जाड थर बसतो. मोजणारा त्याला शंभर वर्षं समजला तर हिशोब गेला. पण ओळखता आला तर तोच थर सांगतो की इथे कडा किती वेळा पडलाय. गायरांगरजवळ ऑकनेसचा कडा सरकतोय, त्याच्यावर रात्रंदिवस उपकरणं लावून पहारा आहे.

आणि २०२३ चा सप्टेंबर आठवतो? ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्डमध्ये डोंगर कोसळला, २०० मीटर उंच लाट उठली, आणि मग पाणी त्या चिंचोळ्या जागेत नव्वदेक सेकंदांच्या तालात इकडून तिकडे हिंदकळत राहिलं. जगभरच्या भूकंपमापकांवर नऊ दिवस ती धडधड दिसत होती आणि सुरुवातीला कोणालाच कळेना काय आहे.

अप्पा_खवचट

हे फेरफार झाले. फेरफार वाचता आला नाही तर सातबारा वाचून उपयोग नाही, हे मी प्रत्येक नव्या तलाठ्याला सांगायचो.

नुसतीवाचक

धागा भरकटतोय पण छान भरकटतोय. मला एक विचारायचंय. वर पानं, शेवाळ वगैरे तळाशी जातं म्हणालात. म्हणजे तिथे कार्बनही गाडला जातो का?

बर्गनची_सर

अगदी. २०१५ चा अंदाज आहे की फ्योर्डच्या तळाशी दर वर्षी सुमारे १ कोटी ८० लाख टन सेंद्रिय कार्बन गाडला जातो. समुद्रात जेवढा गाडला जातो त्याच्या ११ टक्के. फ्योर्ड मात्र समुद्राच्या पृष्ठभागाच्या जेमतेम ०.१ टक्का. आपल्यापैकी कोणाच्याच घराचा एवढासा कोपरा एवढं सामान ठेवत नाही.

म्हणून खाणीचा चुरा फ्योर्डमध्ये टाकायचा वाद निघाला की मी चिडते. फॉर्देफ्योर्डमध्ये तसा परवाना २०१५ ला दिला गेला, खाणीच्या आयुष्यभरात २५ कोटी टनांपर्यंत. गावाला नोकऱ्या हव्यात हे मला कळतं, माझा सासरा खाणीतच होता. पण तळाशी कोणी बघत नाही म्हणून तिथे टाका, हे काही मला झेपत नाही.

ढोबळमानाने

म्हणजे आपल्याकडे असं दप्तर नाहीच? जयगडला वाईट वाटलं.

वास्कोकार

आहे की. लोणार. विवराच्या तळ्यातून दहाएक मीटर गाळ काढून गेल्या ११ हजार वर्षांच्या पावसाचा मागोवा घेतलाय. पाऊस आटला की तळं खारं होतं आणि त्यात गेलुसाइट नावाचे स्फटिक धरतात. गाळात ते स्फटिक लागले की समजायचं, दुष्काळ. त्यातला एक लांबलचक टप्पा साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. खाडीत भरती-ओहोटी रोज घर झाडते, तिथे असं शांतपणे साचणं कठीण.

मुक्कामपोस्ट

बापरे, चार दिवस नातीच्या तापात होते, इकडे एवढं झालं! सगळं दोनदा वाचलं.

एक सांगायचं राहिलं. नळीशेजारी एक चिठ्ठी होती, तिच्यावर आकडा होता. मला वाटायचं फक्त आकडाच होता, म्हणून तर एवढा संशय आला. काल लेकाकडून त्याच्या फोनमधला फोटो मागवला. आकड्यापुढे अधिक-उणेची खूण आहे आणि पुढे आणखी एक छोटा आकडा आहे. माझ्या फोटोत तेवढ्यावरच माझा अंगठा आलाय.

चहाटळ

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. नाणं ठेवा.